जुनी मोटार-माहितीपत्रके कशी जमवावीत: पुण्यातील नवख्यांसाठी

जुन्या बाजारात एका रविवारी, प्रेशर कुकरच्या पाककृतींच्या पुस्तिका आणि विमा कंपन्यांच्या डायऱ्या यांच्या ढिगाखाली मला चार घड्यांचा एक कागद सापडला. विक्रेत्याने तो न उलगडताच "फियाटचा कॅटलॉग आहे, वीस रुपये द्या" असे सांगितले. घरी येऊन जेवणाच्या टेबलावर तो पसरला तेव्हा लक्षात आले की चित्रातली गाडी फियाट नव्हती, ती मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीची 'गॅझेल' होती. ते नाव मी तोपर्यंत ऐकलेही नव्हते. त्या वीस रुपयांनंतर पुढची काही वर्षे मी बऱ्याच चुका केल्या, बरेच पैसे घालवले आणि दोन-तीन चांगले कागद स्वतःच्या हातांनी खराब केले. या छंदात नव्याने येणाऱ्याला निदान तेवढे टाळता यावे, म्हणून हे टिपण क्रमवार लिहिले आहे.

१. काय जमवायचे ते आधी ठरवा

'जुन्या गाड्यांचे सगळे कागद' असे ठरवून सुरुवात करणाऱ्याचे कपाट वर्षभरात भरते आणि हाती मात्र काही लागत नाही. शोरूममध्ये ग्राहकाला फुकट दिले जाणारे माहितीपत्रक, विक्रेत्यापुरते छापलेले दरपत्रक, गाडीबरोबर मिळणारी मालकाची पुस्तिका आणि मासिकातून कापलेली जाहिरात या चार वेगळ्या वस्तू आहेत. त्यांच्या किमतीही वेगळ्या असतात, आणि रद्दीवाला मात्र चारींनाही 'कॅटलॉग' म्हणतो. मी फक्त भारतात जोडलेल्या किंवा बनलेल्या मोटारींची, १९९५ पर्यंतची माहितीपत्रके घेतो. तुम्ही एकच कंपनी घ्या किंवा एकच दशक घ्या, पण ती मर्यादा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण बाजारात उभे असताना तिची आठवण राहत नाही.

२. कमी परिचित मॉडेल ओळखायला शिका

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याला वेळ लागतो. अँबॅसडर, पद्मिनी आणि मारुती ही तीन नावे सर्वांनाच ठाऊक असतात, पण खरी गंमत त्यांच्या आजूबाजूच्या, काही वर्षे येऊन गेलेल्या नावांत आहे.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या. डॉज किंग्जवे, प्लिमथ सॅव्हॉय आणि डिसोटो डिप्लोमॅट या तिन्ही गाड्यांचा सांगाडा जवळजवळ एकच होता, फरक मुख्यतः पुढची जाळी, बिल्ला आणि क्रोमच्या पट्ट्या यांत होता. त्यामुळे एखादे पान सुटे मिळाले तर केवळ गाडीच्या आकारावरून नाव सांगू नका, आधी जाळी पाहा. त्याच कारखान्यातून १९५४ पासून फियाट ११०० बाहेर पडू लागली. आपल्याकडे तिला 'डुक्कर फियाट' म्हणत, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारल्यास लगेच कळेल. पुढे एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट आणि डिलाइट अशी नावे येत गेली. १९७२ च्या सुमारास फियाटचे नाव गेले आणि गाडी 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली, आणि १९७४ मध्ये तीच 'प्रीमियर पद्मिनी' म्हणून विकली जाऊ लागली. 'प्रेसिडेंट' हे नाव जेमतेम दोन वर्षे टिकले, म्हणून त्या नावाचा कागद दिसला तर घासाघीस फार ताणू नका.

हिंदुस्तान मोटर्सच्या बाबतीत अँबॅसडरच्या आधीची लँडमास्टर आणि मॉरिस मायनरवरून घेतलेली बेबी हिंदुस्तान शोधण्यासारख्या आहेत. याच कंपनीची ट्रेकर तर अजूनही उपेक्षित आहे. अँबॅसडरचेच यंत्र घेऊन उभी केलेली ती ओबडधोबड गाडी कोणाच्या आठवणीत हळवी जागा करून बसलेली नाही, त्यामुळे तिचे पत्रक अद्याप स्वस्तात मिळू शकते. १९८४ मध्ये आलेल्या कॉन्टेसाचे शरीर ब्रिटनच्या व्हॉक्सहॉलचे होते आणि सुरुवातीचे इंजिन अँबॅसडरचे, १४८९ सीसीचे होते. इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन नंतर आले. पत्रकातील तांत्रिक तक्त्यात यांपैकी कोणते इंजिन दिले आहे ते पाहिले की आधीचा आणि नंतरचा कागद वेगळा करता येतो.

मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१ पासून हेरल्ड बनवली. ब्रिटनमध्ये ट्रायम्फ हेरल्डला कायम दोनच दारे होती. चार दारांची हेरल्ड फक्त भारतात झाली आणि गॅझेल (१९७२ ते १९७७) ही त्याच घराण्यातली. पुढे १९८५ मध्ये याच कंपनीने रोव्हर एसडी१ चे देखणे शरीर घेऊन 'स्टँडर्ड २०००' काढली, पण बॉनेटखाली १९९१ सीसीचे जुन्या वळणाचे इंजिन होते. तिचे पत्रक फार श्रीमंती थाटाचे आहे, आणि तांत्रिक तक्ता मात्र घाईने उरकल्यासारखा वाटतो. मला ते पत्रक त्या विसंगतीसाठीच आवडते.

बेंगळूरुची 'बादल' ही तीन चाकांची, फायबरग्लासच्या शरीराची गाडी आधी सनराइज ऑटोमोटिव्ह इंडस्ट्रीज या नावाने आणि नंतर सिपानी या नावाने विकली गेली. सिपानीची डॉल्फिन ही ब्रिटिश रिलायंट किटनवरून घेतलेली होती. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांच्या 'मीरा' या छोट्या मोटारीबद्दल नवखे हमखास विचारतात. ती मोटार नमुन्यांच्या पलीकडे जाऊन बाजारात विक्रीला आलीच नाही, तेव्हा तिचे 'शोरूमचे माहितीपत्रक' म्हणून कोणी काही पुढे केले, तर ते एखाद्या अंकाचे कात्रण तर नाही ना, हे आधी तपासा.

आपल्या पुण्याचा वाटाही कमी नाही. पिंपरीच्या टेल्कोने १९८८ मध्ये टाटामोबिल, १९९१ मध्ये सिएरा आणि १९९२ मध्ये इस्टेट काढली. सिएराच्या आठवणी सगळेच काढतात, पण पाच दारांची, लांब पाठीची इस्टेट कोणी विचारीत नाही. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची तीनचाकी हॅन्सिएट आणि नंतरची मॅटाडोर यांची पत्रके मालवाहतूकदारांसाठी छापलेली असल्याने साधी आणि बहुधा तेलकट बोटांचे ठसे घेऊन येणारी असतात. ती जरूर घ्या.

एक समज येथेच दूर केलेला बरा. गाडी जितकी कमी खपली तितका तिचा कागद दुर्मिळ, असे नेहमी घडत नाही. ज्या गाडीसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत होते, तिची जाहिरात करण्याची फारशी गरज नव्हती. उलट जी गाडी उचलली जात नव्हती, तिच्या पत्रकांचे न फोडलेले गठ्ठे गोदामात पडून राहिल्याचे मी स्वतः पाहिले आहे.

३. सोबत काय ठेवावे

- दहा पट मोठे दाखवणारे भिंग. चष्म्याच्या दुकानात किंवा घड्याळजींच्या सामानात मिळते. याशिवाय खरेदीला जाऊच नये.
- मोबाइलचा टॉर्च आणि सहा इंची पट्टी.
- दोन जाड पुठ्ठे आणि त्यांना बांधायला नाडी. कागद पिशवीत गुंडाळी करून आणू नका.
- मऊ पेन्सिल, वही आणि सुटे पैसे.
- आपल्याकडे आधीच असलेल्या कागदांची यादी. एकच पत्रक दुसऱ्यांदा घेतल्यावर तिचे महत्त्व कळते.

एखाद्या घरातून संपूर्ण संग्रह विकत घेत असाल, तर घरातल्या जबाबदार व्यक्तीची सही असलेली साधी पावती घ्या. पुढे भावाभावांत वाद झाला तर ती उपयोगी पडते.

४. पुण्यात कुठे शोधावे

कुंभारवेशीजवळचा, बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार हे पहिले ठिकाण आहे. उन्हे चढण्याआधी पोहोचा आणि थेट 'गाड्यांचे कागद आहेत का' असे विचारू नका, कारण तसे विचारताच वीस रुपयांचे दोनशे होतात. पुस्तकांचा ढीग शांतपणे चाळत राहा, आणि भवानी व्हायची असेल तर विक्रेता स्वतःच भाव खाली आणतो. नाना पेठेतील सुट्या भागांच्या दुकानांत पत्रके क्वचितच मिळतात, पण जुन्या दुकानदारांना कोणत्या गाडीचा विक्रेता पुण्यात कुठे बसत असे हे तोंडपाठ असते, आणि ती माहिती पुढे कागदावरचे शिक्के वाचताना लागते.

माझा सर्वांत चांगला अनुभव मात्र पेठांतल्या रद्दीच्या दुकानांचा आहे. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस माळे साफ होतात, आणि वाडा पाडून इमारत उभी राहायची असेल तर पन्नास वर्षांचे कागद एका दिवसात तागडीवर येतात. याउलट मे-जूनमध्ये जाऊ नका, तेव्हा दुकान शाळेच्या वह्यांनी भरलेले असते आणि मालकाला बोलायला सवड नसते. माझ्या ओळखीच्या रद्दीवाल्याने एकदा मला स्पष्टच सांगितले, "साहेब, चकचकीत कागद आम्हाला परवडत नाही, त्याला भाव कमी येतो. तुम्ही नेत असाल तर बाजूला ठेवतो." तेव्हापासून तो ठेवतो आणि मी किलोच्या भावाहून थोडे जास्त देतो. निगडी प्राधिकरण आणि चिंचवडमध्ये कारखान्यांतून निवृत्त झालेल्यांची बरीच घरे आहेत. तिथे ओळखीनेच जावे, काका-काकूंबरोबर चहा घ्यावा आणि कागदापेक्षा आधी त्यांचे ऐकावे.

५. अस्सल कागद आणि नक्कल

मी एकदा डॉजचे म्हणून एक घडीपत्रक अठराशे रुपयांना घेतले. रंग उत्तम होते, कागदही पिवळसर होता. घरी भिंगाखाली धरले तेव्हा बारीक अक्षरांच्या कडा तुटक दिसल्या आणि प्रत्येक अक्षर रंगीत ठिपक्यांनी बनलेले निघाले. जुन्या ऑफसेट छपाईत चित्र ठिपक्यांचे असते, आणि ते ठिपके फुलासारख्या ठरावीक रचनेत बसतात. काळा मजकूर मात्र सलग शाईत, धारदार कडांचा असतो. स्कॅन करून पुन्हा छापलेल्या प्रतीत चित्राबरोबर मजकूरही ठिपक्यांचा होतो. पिवळेपणा चहाच्या पाण्यानेही आणता येतो, ही तपासणी मात्र फसवता येणे कठीण आहे. लेझर प्रिंटरची प्रत असेल तर घडीवर रंगाची पापडी उडून पांढरी रेघ दिसते. धातूच्या अक्षरांचे खिळे जुळवून केलेली आणखी जुनी छपाई असेल, तर कागदाच्या मागच्या बाजूने बोट फिरवल्यास अक्षरांचा उठाव हलकासा जाणवतो.

दुसरा सापळा नकलेचा नाही, नावाचा आहे. ब्रिटनमधल्या ट्रायम्फ हेरल्डचे, मॉरिस ऑक्सफर्डचे किंवा रोव्हरचे अस्सल पत्रक भारतीय गाडीचे म्हणून विकले जाते. विक्रेता खोटे बोलत असतो असे नाही, त्यालाही फरक माहीत नसतो. चित्रातला बिल्ला वाचा, मागच्या पानावरचा पत्ता पाहा: कॉव्हेंट्री असेल तर तो कागद मद्रासच्या गाडीचा नाही.

६. साल कसे लावावे

पत्रकावर तारीख सहसा छापलेली नसते आणि विक्रेता सांगेल ते साल मानू नये. कागदावरच पुरावे असतात, आणि ते सापडू लागले की या छंदाची खरी गोडी लागते.

प्रथम मागचे पान वाचा. भारतात छापलेल्या कागदावर छापखान्याचे आणि गावाचे नाव असावे, असा १८६७ चा कायदा होता, त्यामुळे तळाशी बारीक अक्षरांत छापखान्याचे नाव आणि कधी कधी एक संकेतक्रमांकही सापडतो. मग पत्ता पाहा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. 'पूना २' किंवा 'बॉम्बे ७०' असा नुसता विभागाचा आकडा असेल तर कागद बहुधा त्याआधीचा, आणि ४११००२ असा सहा आकडी क्रमांक असेल तर निश्चितपणे त्यानंतरचा. उलट बाजूने मात्र सावध राहा, कारण लोक जुनी सवय काही वर्षे सोडत नाहीत आणि छापखाने जुने ठसे त्याहून अधिक काळ वापरतात. शहरांची नावेही कामाची आहेत: बॉम्बेचे मुंबई १९९५ मध्ये आणि मद्रासचे चेन्नई १९९६ मध्ये झाले. कंपन्यांची नावे पाहा. टेल्को २००३ मध्ये टाटा मोटर्स झाली आणि बजाज टेम्पो २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाली.

त्यानंतर तांत्रिक तक्त्याकडे वळा. टाकीची क्षमता गॅलनमध्ये आणि वेग मैलांत दिला असेल तर कागद मेट्रिक पद्धत रुळण्याआधीचा, म्हणजे साधारण १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचा धरता येतो. सोबत दरपत्रक असेल आणि त्यात आणे असतील तर ते १ एप्रिल १९५७ च्या आधीचे, 'नये पैसे' असतील तर १९५७ ते १९६४ या काळातले. टेलेक्स क्रमांक, तारेचा सांकेतिक पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकातील आकड्यांची संख्या यांची नोंद करून ठेवा. एका कागदावरून काही सिद्ध होत नाही, पण त्याच विक्रेत्याचे पाच-सहा कागद जमले की ते एकमेकांना जागेवर बसवतात.

विक्रेत्याचा रबरी शिक्का पाहून अनेक जण नाक मुरडतात. मी उलट शिक्क्याच्या प्रतीला जास्त पैसे देतो, कारण ती प्रत कोणत्या गावात, कोणाच्या टेबलावर होती हे त्यावरूनच कळते.

७. किंमत

याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पान फाटलेले, मधली घडी सुटलेली किंवा फाइलला लावण्यासाठी भोके पाडलेली प्रत असेल तर निम्म्याहून कमी द्या. आपण किती देणार हा आकडा हात लावण्याआधी मनात ठरवा. इंटरनेटवर परदेशी विक्रेत्याने मागितलेली किंमत हा 'भाव' नव्हे, तो फक्त त्याचा मागितलेला आकडा असतो. त्यावरून जुन्या बाजारातल्या माणसाशी वाद घालू नका.

८. घरी आणल्यावर

पहिल्या उत्साहात मी तीन पत्रके झेरॉक्सच्या दुकानात नेऊन लॅमिनेट करून आणली. ती आजही माझ्याकडे आहेत, पण आता त्या कागदाला हात लागत नाही, घडी उघडत नाही आणि प्लास्टिक काढू गेल्यास शाई बरोबर येते. लॅमिनेशन करू नका. चिकटपट्टी लावू नका, ती काही वर्षांत तपकिरी होऊन डाग सोडते. गंजलेल्या पिना नखाने ओढू नका, मागून पाय सरळ करून हळूच काढा. धूळ मऊ ब्रशने झटका, ओल्या फडक्याने नाही.

चकचकीत आर्ट पेपरवर मातीचा बारीक थर असतो. तो ओला झाला की पाने एकमेकांना चिकटतात. न्हाणीघराच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात मी माझे कॉन्टेसाचे पत्रक ठेवले होते. ऑगस्टमध्ये ते बाहेर काढले तेव्हा मधली दोन पाने एक झाली होती, आणि मी ती ओढली तेव्हा गाडीचा क्रोमचा बंपर समोरच्या पानावरच्या कोष्टकावर उमटला व मूळ जागी पांढरा कागद राहिला. ओलसर कागद हाती आला तर तो वाळण्याआधीच पानांमध्ये बटर पेपर घालून सावलीत पंख्याखाली ठेवा. लगेच वेळ नसेल तर पिशवीत बंद करून फ्रीजरमध्ये ठेवा आणि सवडीने सोडवा.

साठवणीसाठी पॉलिप्रॉपिलिनच्या पारदर्शक पिशव्या घ्या. वास येणाऱ्या मऊ पीव्हीसीच्या पिशव्या शाई धरून ठेवतात, म्हणून त्या टाळा. प्रत्येक पिशवीत कागदामागे पुठ्ठा, सगळे कागद आडवे, आणि कपाट बाहेरच्या किंवा न्हाणीघराच्या भिंतीपासून दूर असावे. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या बदलत राहा. कसर लागली आहे असा संशय आला तर तो कागद इतरांपासून वेगळा करा. डांबराच्या गोळ्या कागदाला टेकू देऊ नका.

९. नोंद ठेवा

प्रत्येक कागद आणल्याच्या दिवशीच नोंदवा: कोणत्या गाडीचा, घड्या किंवा पाने किती, लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, छापखाना, शिक्का, कुठे व कितीला मिळाला, साल कशावरून लावले. 'अंदाजे' असेल तर अंदाजे असेच लिहा. स्कॅन करून ठेवावे, पण स्वतःच्या वापरासाठी. जुन्या पत्रकांवरही स्वामित्वहक्क असू शकतो, तेव्हा त्यांच्या प्रती छापून विकू नका.

आधीच्या मालकाने पेन्सिलीने काही लिहिले असेल तर ते खोडू नका. माझ्या गॅझेलच्या पत्रकाच्या मागे बारीक अक्षरांत एक हिशेब आहे: गाडीची किंमत, त्याखाली 'भविष्य निर्वाह', त्याखाली 'दादांकडून', आणि शेवटी खाली रेघ मारून वजाबाकीनंतर उरलेला आकडा. त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह आहे. माझ्या वहीत तो आकडा, ती रेघ आणि ते प्रश्नचिन्ह जसेच्या तसे उतरवलेले आहे.